जोडाघरची सेवा

उल्हासनगरच्या कुठल्याही जुन्या दरबारात, म्हणजे सिंधी देवस्थानात, शिरलात की भिंतीवर संगमरवरी पाट्या दिसतात. कुणी पंखे दिले, कुणी जिना बांधला, कुणी आईच्या स्मरणार्थ थंड पाण्याचा कूलर बसवला, त्यांची नावं कोरलेली असतात. काही देवनागरीत, काही सिंधीच्या अरबी वळणाच्या लिपीत. त्या दात्यांबद्दल मला आदर आहे. पण हे दरबार ज्यांच्या हातांवर पंचाहत्तर वर्षं चालले, ती माणसं या पाट्यांवर नाहीत. येणाऱ्यांच्या चपला सांभाळणारे, पहाटे कणीक मळणाऱ्या, काहिली घासणारे, हरवलेलं पोर कडेवर घेऊन त्याची आई शोधणारे. त्यांना पगार नव्हता, म्हणून हजेरीपट नाही. वर्गणी घेतली नाही, म्हणून पावती नाही. आमच्या पट्ट्याचा इतिहास लिहिणारे छावणी, कारखाने, बाजार, निवडणुका सगळं लिहितात आणि नेमकी ही माणसं त्यातून गळतात. याची मला फार खंत वाटते, म्हणून मला ठाऊक आहे तेवढं तरी इथे मांडते.

मी मूळची अंबरनाथची. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत मशिनवर होते. लग्न होऊन उल्हासनगरात कॅम्प चार नंबरला आले, तिथे मराठी शाळेत शिकवलं, आणि आता बदलापूरला मुलाकडे असते. कर्जत लोकलनं एका दमात पार होणारी ही तीन गावं आहेत. पण उल्हासनगरचा सेवेकरी वेगळा, अंबरनाथचा वेगळा, आणि दोघांना घडवणारी कारणंही वेगळी.

उल्हासनगरची गोष्ट गरजेतून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर इंग्रजांनी लष्कराची छावणी उभारली होती. युद्ध संपलं, शिपाई गेले, लांबलचक बराकी रिकाम्या पडल्या. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तोवर मन घट्ट करून थांबलेले सिंधी हिंदूही मिळेल त्या बोटीनं निघाले. कुणी काठेवाडच्या बंदरांत उतरले, कुणी मुंबईच्या गोदीत. त्यांतले लाखाच्या घरात लोक या बराकींत आले. अशा छावण्या इतरत्रही होत्या. पिंपरीला होती, कोल्हापूरजवळ वळिवड्याला होती. वळिवड्याच्या घरांत तर त्याआधी युद्धकाळात पोलंडचे निर्वासित राहून गेले होते. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याण कॅम्पाचं उल्हासनगर झालं. आजही इथे पत्ता सांगताना बराक नंबर आधी येतो.

आमच्या शेजारच्या दादी तेव्हा जेमतेम बारा वर्षांच्या. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. पलीकडचं मूल खोकलं की अलीकडच्याला कळायचं. त्यांच्या बराकीत एका म्हाताऱ्यानं सिंधमधून सामान असं काहीच आणलं नव्हतं, छातीशी धरून एक पोथी तेवढी आणली होती. पोथी ठेवायला स्वच्छ जागा हवी. बराकीच्या टोकाला, वारा येणाऱ्या खिडकीखाली दोन कुटुंबं राहायची. ती आपणहून दाराकडे सरकली आणि त्या जागेत पाट मांडून पोथी ठेवली गेली. संध्याकाळी तिथे दिवा लागे, चार बायका बसत. दादींच्या हिशेबानं तो त्यांचा पहिला दरबार. पहिली सेवा म्हणजे पाणी. नळ थोडे, रांगा लांब. पोथीजवळच्या घागरीत रोज कोण पाणी भरणार याची पाळी लावली होती, आणि ज्या घरात म्हातारी किंवा बाळंतीण असेल त्या घरचं पाणीही त्याच पाळीतलं माणूस भरायचं.

हे इथे नव्यानं सुचलेलं नव्हतं. सिंधमधले हिंदू झूलेलाल या देवाला मानतात आणि त्यांच्यात नानकपंथीही पुष्कळ. तिथल्या टिकाण्यांत, म्हणजे देवस्थानांत, ग्रंथसाहिब आणि देवांच्या मूर्ती शेजारी शेजारी असत. नानकांच्या वाटेबरोबर लंगर आला, पंगत आली, आणि पंगतीत वाढणं हा मान आहे ही समजूतही आली. घरदार मागे राहिलं तरी ही सवय माणसांबरोबर बोटीत चढली. पुढे कॅम्पाकॅम्पांत दरबार उभे राहिले. पाच नंबरला झूलेलालाचं चालिया मंदिर आहे. प्रेमप्रकाश पंथाच्या स्वामी शांतिप्रकाशांचा आश्रम आहे. सिंधमधल्या रोहडीची परंपरा सांगणारा वसणशाह दरबार आहे. त्यांचे उत्सव निराळे, गुरुपरंपरा निराळ्या, पण सेवेची शिस्त जवळजवळ एकच.

ती शिस्त मला दादींनी शिकवली. मी त्यांना म्हटलं होतं, मला पोळ्या बऱ्या येतात, मी भंडाऱ्यात लाटायला बसते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुट, पहिले जोडे. मग रोटी."

जोडाघर म्हणजे दरवाज्याशेजारची लाकडी खणांची खोली. समोर ओटा. ओट्याच्या आत डोक्यावर रुमाल किंवा पदर घेतलेले सेवेकरी. येणारा चपला काढून ओट्यावर ठेवतो. सेवेकऱ्यानं त्या दोन्ही हातांनी उचलायच्या, एका हातानं लोंबकळत न्यायच्या नाहीत. पितळी बिल्ल्यांची जोडी असते. एक बिल्ला माणसाच्या हातात, दुसरा चपलेच्या अंगठ्यात. लहान पोरांच्या चपला रबरबँडनं एकत्र बांधायच्या, नाहीतर परत देताना एकच पाय सापडतो. खणात ठेवण्याआधी कापडानं धूळ पुसायची. चालिहो, म्हणजे झूलेलालाचं चाळीस दिवसांचं व्रत, येतो जुलैच्या मध्याला आणि ऑगस्ट सरत येईस्तोवर चालतो, म्हणजे ऐन पावसात. चाळीस दिवस चपलांना नुसता चिखल. तेव्हा खणांत पोती अंथरायची, बुटांत वर्तमानपत्राचा बोळा कोंबायचा, म्हणजे माणूस दर्शन घेऊन, जेवून येईपर्यंत बूट थोडा तरी सुकतो. आणि चपला परत देताना त्या ओट्यावर अशा ठेवायच्या की त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला असतील. माणसानं पाय घातला की निघाला.

माझ्या शेजारी त्या वेळी फर्निचर बाजारातले एक मोठे दुकानदार बसायचे. त्यांच्या दुकानात मी एकदा कपाटाचा भाव विचारून परत फिरले होते, इतकं ते महाग. इथे ते माझ्या विद्यार्थ्यांच्या चिखलानं भरलेल्या स्लिपरा पुसत होते. दादींचं म्हणणं असं, की ज्याला परक्याच्या चपलेला हात लावायची लाज वाटते त्याला स्वयंपाकात बसवलं की तो वाढताना माणसं पाहून वाढतो. जोडाघरात महिना काढला की ते जातं.

मराठी घरातून आलेल्या मला याचा अर्थ जरा जास्तच कळत होता. आमच्याकडे दुसऱ्याच्या पायताणाला हात लावणं हे काम जातीनं नेमून दिलेलं होतं, आणि ज्यांना ते नेमून दिलं त्यांना देवळाच्या आत जायची मुभा नव्हती. चार नंबरला आमच्या शाळेत सुभाष टेकडीकडची पुष्कळ मुलं यायची, आंबेडकरी घरांतली. त्यांच्या आईवडिलांची सेवा वेगळ्या ठिकाणी होती, दादरला चैत्यभूमीवर. ६ डिसेंबरला येणाऱ्या लाखो माणसांना रांगेत लावायला समता सैनिक दलाची माणसं उभी असतात. हे दल बाबासाहेबांच्या प्रेरणेनं १९२७ साली निघालं. आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील दरवर्षी चैत्यभूमीवर पाणी वाटायला जात. आदल्या रात्री पिंपं घासून निघत, परत आले की दोन दिवस आवाज बसलेला असे. दरबाराची सेवा आणि चैत्यभूमीची सेवा यांत श्रद्धेचं अंतर आहे, ते मी पुसून टाकणार नाही. पण चार नंबरच्या एकाच गल्लीतून दोन्हीकडे माणसं जायची, आणि पिंपं एकमेकांकडून मागून न्यायची, हे मी पाहिलं आहे.

अंबरनाथची तऱ्हा निराळी. तिथे निर्वासितांच्या आधी नऊ शतकं देऊळ आहे. वालधुनी नदीच्या काठचं काळ्या दगडाचं शिवमंदिर शिलाहार राजा मम्मुणीच्या काळचं, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चं. उत्तरेकडच्या दारावर शिलालेख आहे. त्यात राजाचं नाव आहे, त्याच्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. डॉ. भाऊ दाजी लाडांनी रुग्ण तपासून उरलेल्या वेळात हा लेख वाचला होता. त्यांना शक ७८२ दिसला. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा नीट लावला. १८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी जॉर्ज टेरी यांच्याबरोबर इथे आले, त्यांनी देवळाचे नकाशे काढले, शिल्पांचे साचे घेतले. या सगळ्यांचे उपकार आहेत. तरी लेखातही तेच, जे संगमरवराच्या पाटीवर: बांधवून घेणारे आहेत, दगड वाहणारे नाहीत.

महाशिवरात्रीला इथे भरणारी जत्रा ठाणे जिल्ह्यातली मोठी जत्रा. मध्यरात्रीपासून रांग लागते. आगरी-कोळ्यांची गावं येतात, डोंगराकडून आदिवासी येतात, उल्हासनगरहून सिंधी कुटुंबं येतात. आणि देवळाची रचना अशी की इतकी माणसं त्यात मावायचीच नाहीत. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे. वीसेक पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि वर शिखर नाही, उघडं आभाळ. एरवी ही जागा मनाला अगदी शांत करते. महाशिवरात्रीला मात्र पायऱ्यांवर दूध, पाणी, बेलाची पानं यांचा चिखल होतो आणि उतरणारे व चढणारे एकाच जिन्यावर भेटतात.

वडील आणि त्यांच्या पाळीतले लोक इथे उभे राहायचे. ऑर्डनन्सचे होते, विमकोच्या काडेपेटी कारखान्यातले होते, धरमसी मोरारजीच्या केमिकल कंपनीतले होते. दुसरी पाळी सुटली की डबा घरी टाकायचा आणि देवळाकडे यायचं. बांबू बांधून दोर ताणायचा. दोर खांबाला बांधायचा नाही, कारण देऊळ पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि दगडाला काही लागता कामा नये. पायऱ्यांवर एकाआड एक माणूस. वडिलांचा नियम होता की उतरणाऱ्याचा पंजा धरायचा नाही, कोपराखाली हात द्यायचा. पंजा ओला असतो, सुटतो. म्हाताऱ्या बाईला आधी विचारायचं, "आजी, हात देऊ का?" आणि मगच हात पुढे करायचा. बायकांच्या रांगेला बायकाच हव्यात, हे लोकांच्या ध्यानात यायला बरीच वर्षं लागली. माझी आई आणि कॉलनीतल्या दोघीतिघी आपणहून उभ्या राहिल्या तेव्हा कुठे ते सुरू झालं. पुढे कॉलेजांतून राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं येऊ लागली. ही योजना १९६९ ची, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षातली. आमच्या भागातल्या कित्येक मुलांनी गर्दी हाताळायचा पहिला धडा या पायऱ्यांवर घेतला.

जत्रा संपल्यावरचं काम कुणालाच नको असतं. द्रोण, पत्रावळी, नारळाच्या शेंड्या, नदीकाठी पडलेला सगळा राडा. वडील तेव्हा गाडगेबाबांचं नाव काढायचे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा बांधल्या हे सगळे सांगतात; वडील सांगायचे ते त्यांच्या खराट्याचं. गावात आल्याबरोबर झाडायला लागायचं, कीर्तन नंतर. बाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले. वडिलांच्या पिढीतल्या कामगारांना ते जवळचे वाटत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खराटे घेऊन जमणाऱ्यांत फॅक्टरीचेच लोक जास्त असत.

वालधुनीचं मात्र या सगळ्या खराट्यांनीही भलं झालं नाही. कारखान्यांचं पाणी आणि टँकरनं गुपचूप ओतलेली रसायनं तिच्यात जात राहिली. २०१४ च्या नोव्हेंबरात अशाच रसायनाचा वायू पसरून उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. देवळाची सेवा करणाऱ्याला नदीकडे पाठ करता येत नाही, असं मला तेव्हापासून पक्कं वाटतं. नदीसाठी अर्ज करणारे, नमुने घेणारे, काठ झाडणारे जे आहेत तेही याच देवळाचे सेवेकरी आहेत. त्यांना प्रसाद मिळत नाही, उलट धमक्या मिळतात.

कारखान्यांबरोबर केरळातून, मंगळुराकडून ख्रिस्ती कुटुंबंही आली. अंबरनाथचं फातिमा चर्च आमच्या लहानपणापासून ओळखीचं. सिरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत १९८८ साली झाला आणि कल्याण पश्चिमेचं सेंट थॉमस हे त्याचं कॅथेड्रल. युरोपातल्या मोठ्या कॅथेड्रलांत स्वयंसेवकांचे गटच गट असतात, फुलं रचणारे, घंटा वाजवणारे, पाहुण्यांना इमारत दाखवणारे. आपल्याकडच्या पॅरिशमध्ये मला जास्त भावतं ते व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम. फ्रेडरिक ओझनाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं १८३३ साली पॅरिसमध्ये मित्रांबरोबर ते सुरू केलं. गरजू माणसाला आपल्या दाराशी बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, बसायचं, विचारपूस करायची. आमच्या फॅक्टरी कॉलनीत टीबी झालेल्या एका कामगाराकडे चर्चमधले दोघे दर रविवारी येत. तो माणूस हिंदू होता. ते आल्यावर आधी त्याच्या उशाचं पाणी बदलत.

या सेवेचा खरा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी २६ जुलै २००५ सांगते. उल्हास नदी बदलापुरात शिरली होती, खालच्या भागातली घरं पाण्यात होती, लोकल बंद होती. आमच्या ओळखीच्या दरबारात रात्रीच काहिली चढल्या. कुणाला काही शिकवावं लागलं नाही. भाजी कोण चिरणार, पुऱ्या कोण तळणार, वाटायला जाताना कुणी पुढे आणि कुणी मागे राहायचं, हे चालिहोच्या पंगतींत घोटून घोटून बसलेलं होतं. पाणी उकळून पिंपांत भरलं होतं, पिंपावर झाकण आणि झाकणावर ओगराळं. पुढे २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. गाडीत हजाराहून जास्त प्रवासी, त्यांत गरोदर बायका. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, हेलिकॉप्टर सगळं आलं. पण चामटोली परिसरातले गावकरी त्याआधीच पाण्यातून वाट काढत पोचले होते. सगळ्यांना बाहेर काढून मंगल कार्यालयात जेवू घातलं, मग कल्याणहून खास गाडीनं कोल्हापूरकडे पाठवलं. जी गावं दरसाल जत्रेची पंगत वाढतात त्यांना हजार पानांचा अंदाज असतो.

आता काही गोष्टी बदलल्या आहेत. गट व्हॉट्सअॅपवर ठरतात, पोरांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट असतात, हातात वॉकीटॉकी. याला माझी हरकत नाही. हरवलेलं मूल आता पूर्वीपेक्षा लवकर सापडतं. हरकत आहे ती कॅटररला. बऱ्याच ठिकाणी भंडाऱ्याचं जेवण ठेक्यावर द्यायला लागले आहेत. लोक वर्गणी देतात, जेवतात, जातात. एकदा स्वयंपाक ठेक्यावर गेला की भांडी ठेक्यावर जातात, मग जोडाघरात सुरक्षारक्षक बसतो. त्यानंतर पूर आला तर काहिली चढवणार कोण? विश्वस्तांना मी हे तोंडावर सांगितलं आहे आणि पुन्हा सांगेन. निदान वर्षातला एक भंडारा तरी हातानं रांधलेला असावा, पोरांना कणीक किती मळायची ते कळावं.

आणि नव्यानं येणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण मला पुष्कळ जण विचारतात. दरबारात जात, भाषा कुणी पुसत नाही. डोकं झाका, हात धुवा आणि जोडाघरात जो मोठा असेल त्याला सांगा. पहिल्याच दिवशी तव्याजवळ जायचा हट्ट करू नका. अंबरनाथला यायचं तर महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी संध्याकाळीच या, बांबू बांधले जात असतात तेव्हा, म्हणजे तुम्हाला वाट आणि माणसं दोन्ही कळतील. रात्री नऊपर्यंत हात उदंड असतात. खरी टंचाई रात्री दोन ते पहाटे पाच, तेव्हा पायऱ्यांवर माणूस कमी पडतो, आणि बायकांच्या रांगेला तर हमखास. पायात काही घालायचं नाही, साडी असेल तर ओचा वर खोचायचा, पॅंट असेल तर पोटरीपर्यंत दुमडायची. जवळ एक कोरडा पंचा ठेवा. गाभाऱ्याच्या खालच्या तीन पायऱ्या सगळ्यांत निसरड्या आहेत. तिथे जुन्या माणसाला उभं करा आणि तुम्ही त्याच्या वरच्या पायरीवर राहा.